साडेएकतीस इंच

बायको आठ दिवसांसाठी बहिणीकडे गेली आणि दुसऱ्याच सकाळी त्याने रांजणाला टेप लावला. पोटाशी भरला साडेएकतीस इंच. मग दाराला लावला. तीस.

ओळखीत सगळे त्याला फूटपट्टी म्हणत. उभा जन्म लाकूडकामात गेलेला. उतारवयात दोघांनी हा उद्योग काढला होता. मातीकाम तिचं, बांधकाम त्याचं. मागे चाकाची खोली, पुढे गॅलरी, मधे नुसती कमान. रांजण भाजायची भट्टी बाहेर अंगणात आणि आत-बाहेर करायला सगळ्या जागेला दार एकच. त्या दाराची सागवानी चौकट त्याने महिनाभर खपून केली होती. येणाऱ्याजाणाऱ्याला तो त्या लाकडावर हात फिरवायला लावी. गॅलरी उघडायला महिना उरला होता आणि मधोमध ठेवायचा म्हणून तिने तीन आठवडे राबून हा रांजण उभा केला होता.

तिला फोन करावा, तर जाताना ती एवढंच म्हणाली होती, "रांजणाला हात लावू नका. बाकी तुमचं मोजमाप काय चुकायचं आहे." हे ऐकल्यावर कोण फोन करील? त्याने गवंड्याला बोलावलं.

गवंडी म्हणाला, रांजण आडवा करून काढू. ओली माती आहे, आडवी केली की बसेल, असं यानं सांगितलं. गवंड्याने दोनदा रांजणाकडे आणि एकदा चौकटीकडे पाहिलं.

"मग काय, दादा? भिंतच."

"भिंतच," तो म्हणाला आणि अंगणात जाऊन बसला. पहिला घाव ऐकवेना.

पाच दिवसांत चौकट निघाली, भिंत चार इंच मागे सरली, धुळीने खोली पांढरी झाली. रांजणावर त्याने आपली चादर घातली. जुन्या चौकटीत नवं लाकूड घालून ती रुंद केली, जोड लपेना. तिला काय सांगायचं याचा तो मनात पाठ करत राहिला.

आठव्या दिवशी दुपारी टेम्पो आला. वर बांधलेलं एक गोल काचेचं कपाट, आणि ड्रायव्हरशेजारी चेहरा उतरलेली बायको.

"हे बघा, आधी रागावू नका," ती उतरता उतरता म्हणाली.

"तूही रागावू नकोस," तो म्हणाला.

पण ती थांबेना. एक दुकान मोडत होतं, तिथे हे कपाट दिसलं, बघताक्षणी घेतलं आणि अर्ध्या वाटेत ध्यानात आलं की हे तेहतीस इंच आहे. गोल, म्हणजे तिरपं करूनही उपयोग नाही. "तुमची चौकट मोडायला कुठल्या तोंडाने सांगू, हाच घोर वाटभर."

मग तिने दाराकडे पाहिलं.

"अहो, तुम्हाला कसं कळलं?"

त्याने कपाटाची दोरी सोडायला घेतली. "अंदाज घेतला," तो म्हणाला. गिलाव्यावर शेवटचा हात फिरवणारा गवंडी खोकला.

कपाट अलगद आत गेलं. मग तिने चादर काढून रांजण निरखला आणि टेप मागितला. साडेएकोणतीस.

"बरा सुकलाय. तडा नाही कुठे," ती म्हणाली. "मी हिशेबानेच मोठा केला होता. माती सुकताना आटते, सांगितलं होतं ना तुम्हाला. तुमच्या जुन्या दारातूनही गेला असता."

सांगितलं होतं. तेव्हा तो चौकटीला रंधा मारत होता. गवंडी काही बोलायला गेला, तर त्याने त्याला घाईघाईने चहाचं विचारलं.

बायको टेप गुंडाळत भिंतीशी थांबली. कुठलंही माप घेतलं की ते पेन्सिलीने भिंतीवर लिहायची त्याची जन्माची सवय. तिथे ठळक लिहिलं होतं: रांजण साडेएकतीस, दार तीस, भिंत फोडणे.

तिने अंगठा ओला केला आणि ती ओळ सावकाश पुसून टाकली.

"अंदाज मात्र पक्का हं तुमचा," ती म्हणाली आणि चहा टाकायला गेली.