मुकुंदभावजींच्या दोन पेट्या

मुकुंदभावजी बाजारात जाताना दोन छत्र्या नेत. एक डोक्यावर उघडलेली, दुसरी बगलेत मिटलेली. हे पावसाळ्यातच नव्हे, बाराही महिने. आचऱ्याच्या बाजारात कोणी हसलं तर ते भर उन्हात थांबून समजावून सांगत, "एक आसा म्हणजे नायच म्हणा! एक मोडली की संपला. दोन आसली, तर एक आसा म्हणूचा."

हे त्यांचं ब्रीद. विहिरीवर दोन दोर, गळ्यात दोन चष्मे, कुलपाला दोन किल्ल्या. त्या दोन्ही किल्ल्या एकाच दोऱ्यात ओवून एकाच खिळ्याला टांगलेल्या असत, हे मी एकदा लक्षात आणून दिलं, तर भावजी दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी आले आणि एक किल्ली माझ्या हातात ठेवून म्हणाले, "वैनी, दुसरी दुसऱ्याच्या छपराखाली होयी. बरोबर आसा तुमचा."

एका वर्षी गणपतीच्या शाळेत, म्हणजे मूर्ती घडवतात तिथे, जाऊन त्यांनी मूर्तिकाराला विचारलं होतं, "वाटेत काय झाला तर? एक स्टँडबाय ठेवशीत काय?" मूर्तिकाराने ब्रश खाली ठेवला आणि हात जोडले. भावजींना नव्हे, गणपतीला.

मुलांनो, तुमच्या तिकडे परदेशात अशी माणसं गॅरेजात बसत असतील. आमचे मुकुंदभावजी पडवीत बसत. मुंबईच्या टेलिफोन खात्यातून निवृत्त होऊन ते आमच्या कुंपणापलीकडच्या घरात राहायला आले, ते ट्रकभर वायरी घेऊन. लग्न केलेलं नव्हतं. घरात ते आणि त्यांची मोठी बहीण आक्का. आई लवकर गेली, तेव्हा आक्कानेच त्यांना वाढवलं. ती मालवणला शाळेत शिकवत असे. निवृत्त झाल्यावर भावाकडून कॉम्प्युटर शिकली आणि त्यावर पत्त्यांचा डाव लावायला लागली. रोज दुपारचा चहा झाला की आक्का, तो हिरवा पडदा आणि पत्ते.

पुढे आक्का विसरायला लागली. जेवलेलं विसरे, गॅस विसरे. पत्ते मात्र विसरली नाही. अशात तिचा जुना कॉम्प्युटर खाऱ्या हवेने गंजून बंद पडला. भावजींनी उत्साहाने नवा, चकचकीत पडद्याचा आणला. आक्काने तो पाहिला, उठली, पायात चपला घातल्या आणि फाटकापर्यंत चालत गेली. "ह्या माझा घर न्हय," म्हणाली. तिला परत आणायला आम्हा दोघांना फार गोड बोलावं लागलं.

तेव्हापासून भावजींना एकच ध्यास लागला. आक्काचा तो जुना पडदा पुन्हा कधी नाहीसा होता कामा नये. हे ऐन दोन हजार आठ-नऊ सालचं सांगते आहे. त्यांनी काय केलं, तर जुन्या कॉम्प्युटरची साठवणीची डिस्क शाबूत होती, तिच्यातलं सगळं जसंच्या तसं उचलून नव्या यंत्राच्या पोटात नेऊन बसवलं. म्हणजे कॉम्प्युटरात कॉम्प्युटर! मी इंग्रजीत बी.ए. केलेली बाई, पण मला हे समजेना. भावजी म्हणाले, "सोपा आसा, वैनी. एक घर, त्यात चार बिऱ्हाडा. परत्येकाक वाटता, घर आपलाच."

"आणि ही चार बिऱ्हाडं कोणाकोणाची?"

"एक आक्काचा. बाकीची तीन मी उगीच ठेवलंय. तिका सोबत म्हणान."

मग त्यांनी असं आणखी एक घर मांडलं, कारण एक म्हणजे नायच. आता अडचण अशी, की पहिलं घर पडलं तर आक्काचं बिऱ्हाड सामानासकट दुसऱ्या घरात जायला हवं, आणि सामान तर पहिल्याच घरात अडकलेलं. यावर तोड म्हणजे सामान दोन्ही घरांच्या बाहेर, एका वेगळ्या पेटीत ठेवायचं आणि वायरीने दोघांना पोचवायचं. "बाव सगळ्यांची एक," भावजी म्हणाले. "घर कोसाळला तरी पाणी त्याच बावीचा!"

विहिरीचा हिशोब मला पटला. प्रश्न एवढाच उरला, की पेटी कोणती घ्यायची. या प्रश्नाने आमच्या वाडीचा एक अख्खा उन्हाळा खाल्ला.

एक बाजारात मिळणारी तयार पेटी होती. छोटी, देखणी, दोन डिस्कांची. दुसरी म्हणजे कणकवलीच्या एका कचेरीतून निघालेला जुना कॉम्प्युटर आणून, त्यात डिस्का भरून घरीच बांधायची. मालवणच्या सायबर कॅफेतून भावजींनी इतके कागद छापून आणले, की ते अंगणातल्या कपड्यांच्या दोरीवर चिमटे लावून टांगले. उजवीकडे तयार पेटीची बाजू, डावीकडे घरच्या पेटीची. मधे आक्काची लुगडी वाळत. वाऱ्याने कागद उलटसुलट झाले की भावजींचं मतही बदले.

ते भेटेल त्याला विचारू लागले. पारू मासळी घेऊन दारात आली, की पाटी उतरवायच्या आत तिला धरत. "पारू, दोन डिस्का आसत. एकीवर लिवला की दुसरी आपणहून ताच लिवता. आरश्यासारख्या. एक गेली तरी दुसरी आसा. कशी वाटता?"

पारू विचार करून म्हणाली, "जावा-जावांसारखी. एकीन साडी घेतली की दुसरीन तीच घेवची."

"बरोबर!"

"मगे भांडणा होतली त्येंच्यात, भावानू."

भावजी गंभीर झाले. "ती शक्यता आसा," म्हणाले आणि आत जाऊन पुन्हा वाचत बसले. पारू मला म्हणाली, "वैनीनू, हेंका सांगा मा, पेटी मागीर घेवा. माझे दोन बांगडे उरलेहत, ते आधी घेवा."

मी माणूस व्यवस्थित. माझ्या कोठीच्या खोलीत प्रत्येक बरणीवर नाव असतं. मला हा घोळ बघवेना. "भावजी, एक काय ते ठरवा," म्हटलं. "नाहीतर देवाला विचारा."

मी हे चिडून म्हटलं होतं. भावजींना ते तंतोतंत पटलं.

पुढच्याच सोमवारी आम्ही ग्रामदेवाच्या देवळात. तुम्ही कौल पाहिलेला नाही म्हणून सांगते. देवाच्या अंगावर उजवीकडे आणि डावीकडे ओल्या कळ्या चिकटवतात, गुरव गाऱ्हाणं घालतो आणि मग कुठची कळी आधी पडते ते बघायचं. जमीन, लग्न, आजारपण, सगळ्याचा निकाल असा लागतो. पेटीचा तोवर कोणी लावला नव्हता. ठरलं असं, की उजवी पडली तर तयार, डावी पडली तर घरची.

गुरवाने खाकरून सुरुवात केली, "बा देवा म्हाराजा! आज ह्यो तुझो मुकुंद तुझ्या पायाकडे इलो आसा..."

"व्हय म्हाराजा!" जमलेल्या मंडळींनी साथ दिली.

"तेच्या घरात एका कॉम्प्युटरात चार कॉम्प्युटर बसलेहत. ते कसे बसले, ता तुकाच ठावक..."

"व्हय म्हाराजा!"

"त्येंका सगळ्यांका मिळान एक पेटी होयी. ती बाजारची हाडूची काय घरात बांधूची, ता ह्या लेकराक समाजना नाय. तर तूच काय ता दाखव. वीज, मुंगी, पाल, खारो वारो, सगळा भायर काढ, आणि आक्काचो कॉम्प्युटर चलतो ठेव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" या वेळी सगळ्यांत मोठा आवाज भावजींचा. डोळे घट्ट मिटलेले, हात जोडलेले. मला जरा हसू येत होतं, ते तिथेच थांबलं.

कळ्या पडेनात. समईची ज्योत हलली, कोणी शिंकलं, पण कळ्या ढिम्म. आणि मग, माझ्या डोळ्यांदेखत, दोन्ही कळ्या एकदम पडल्या.

गुरव बावचळला. "असा कधी जावक नाय," म्हणाला. "परत लावया."

"कित्याक?" भावजींनी डोळे उघडले होते आणि चेहरा नुसता फुलला होता. "देवान दोनय दिल्यान!"

"अरे, तसा नसता..."

"देवाक कळता, गुरवानू! एक म्हणजे नायच!"

त्यांनी गाभाऱ्यासमोर असं लोटांगण घातलं, की गळ्यातले दोन्ही चष्मे वाजले.

अशा दोन पेट्या आल्या. तयार पेटी भावजींच्या पडवीत बसली. तिच्या भोवती दमट हवा शोषायला तांदळाच्या पुरचुंड्या. घरी बांधलेली, जात्याइतकी जड पेटी, दुसरं छप्पर म्हणून माझ्या कोठीच्या खोलीत आली. कोकमं आणि तिरफळं यांच्या मधे मी तिला जागा करून दिली आणि वर चिठ्ठी चिकटवली: 'मुकुंद. हलवू नये.' पोफळींवरून दोन घरांमधे वायर गेली. माकडं तिच्यावर झोके घेऊ लागली, की भावजी खालून काठी घेऊन नाचत.

त्या सगळ्याची परीक्षा पुढच्या वैशाखात झाली. मी दुपारी आक्काकडे गेले होते. ती माजघरात पत्ते लावत बसली होती. एवढ्यात पडवीतून कोणी कोंबडी धरावी तसा आवाज सुरू झाला. धावत गेले, तर भावजी पहिल्या यंत्राशी उभे. "वैनी, पाल! पंख्यात पाल गेली! पंखो बंद! आता ह्या तापतला आणि पडतला!"

"मग बंद करा ना!"

"आक्का आत बसली हा!"

आक्का माजघरात नुसत्या पडद्यासमोर होती, पण तिचा डाव या तापलेल्या यंत्रात चालू होता. भावजींनी घाईघाईने काही बटणं दाबली. पडद्यावर एक निळी पट्टी मुंगीच्या पावलांनी सरकू लागली. "बिऱ्हाड हलवतंय," ते कुजबुजले. त्यांनी माझं मनगट धरलं होतं आणि धरलंय हे त्यांना कळत नव्हतं. जळका वास यायला लागला. पट्टी अर्ध्यावर. माजघरातून आक्काचा आवाज आला, "बदामाची राणी खंय लपली गो?" पट्टी पाऊण. पट्टी पूर्ण. आणि पहिलं यंत्र मोठ्याने हुंदका दिल्यासारखं करून कायमचं गप्प झालं.

आम्ही माजघराकडे कान लावले.

"ही बघा, गावली!" आक्का म्हणाली.

भावजी अंगणात उडी मारून गेले आणि चक्क फुगडी घालू लागले, एकट्याने. "तिका कळलाच नाय! घर पडला, बिऱ्हाड उचाललंय, आणि तिका कळलाच नाय!" कुत्रं पळालं. पारू फाटकात आली होती, ती पाटीसकट माघारी वळली. मी हसून हसून पायरीवर बसले.

मग ते दमले. विहिरीवर तोंड धुतलं. आत जाऊन इस्त्रीचा सदरा घालून आले, केस विंचरले, काखेत एक बॅग मारली आणि मागच्या दाराने बाहेर पडले. मला वाटलं, कणकवलीला नवं यंत्र आणायला निघाले असतील. मी माजघरात आक्कापाशी जाऊन बसले. थोड्या वेळाने पुढच्या दारावर टकटक झाली.

आक्काने पदर सारखा केला, दार उघडलं आणि तिचा चेहरा उजळला. "इलास? ये, बस." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "कॉम्प्युटर बघूक येता ह्यो. बरो माणूस आसा. एक दिवस चुकना नाय."

दारात मुकुंदभावजी उभे होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. चपला बाहेर काढून ते परक्या घरात यावं तसे संकोचून खुर्चीच्या टोकाला बसले. आक्काने त्यांच्यासाठी झाकून ठेवलेला चहा पुढे केला.

"घराकडे कोण आसत रे तुझ्या?"

"भयण आसा. मोठी."

"तिका बघतंस मा नीट?"

"व्हय, आक्का," भावजी म्हणाले आणि चहा बशीत ओतू लागले.