शहापूरला आणलेला समुद्र

समुद्र मी अजून प्रत्यक्ष पाहिलेला नाही. पण वादळ आलं की तो किनाऱ्यावर कोणाचं किती नुकसान करणार, हे मी भंडारा जिल्ह्यात खुर्चीवर बसून सांगतो! विमा कंपनीचं काम आहे, घरूनच करतो. छप्पर कशाचं, भिंती कशाच्या, घरात वस्तू काय, पाणी किती दूर, एवढं भरलं की लॅपटॉप रुपयांत आकडा टाकतो. माझा आकडा सहसा चुकत नाही. लग्न तेवढं जमत नव्हतं.

म्हणून जिल्ह्यातल्याच शहापूरला पुंडलिकरावांची मुलगी तृप्ती पाहायला निघालो, तेव्हा लॅपटॉप सोबत घेतला. वीरेंद्रकाका वाटेत म्हणाले, "पोरा, पगार सांगजो आन चूप बसजो." मी कशाला ऐकतो!

आलूपोहे आले. तृप्ती ट्रे ठेवून आईशेजारी बसली आणि माझ्याकडे पाहून चक्क हसली. मी तिथेच मनानं बोहल्यावर चढलो.

"समुद्राचं काम करता म्हनते," पुंडलिकराव म्हणाले. "आन राह्यता इकडं. हे कसं काय जी?"

"दाखवतोच, मामाजी!"

मी त्यांचंच घर भरलं. छपराला सागवानी फाटे, वर कवेलूंची कौलं, हातभर जाडीच्या भिंती. समुद्र म्हणून गावचा तलाव धरला. बटण दाबलं. नुकसान चाळीस हजार! एवढ्या वादळात एवढंसंच! आमच्या धंद्यात घराला याहून मोठी शाबासकी नाही. मी छाती फुगवून आकडा सांगितला.

पुंडलिकरावांचा घास हातातच राहिला. "चाळीस हजार? माह्या घराचं?"

हे स्थळ सुचवणारे त्यांचे शेजारी ताराचंद लगेच पुढे सरकले. "माह्यावालं काढा बरं."

त्यांचं नवं घर म्हणजे काचेच्या खिडक्या, पीओपीचं छत आणि दोन एसी. वादळाला मेजवानीच! आकडा आला नऊ लाख. ताराचंद चक्क लाजले, पोरगा दहावीत पहिला आल्यासारखे. "असनच जी. थोडंबहुत हाय आपल्याजवळ."

"मामाजी, नुकसान कमी म्हणजे चांगलं!" मी ओरडलो.

"काहून चांगलं? ज्याच्याजवळ असन त्याचंच जाईन ना! आमच्या ढोलीतलं धान धरलं काय?"

भिंतीशी माणसापेक्षा उंच बांबूची ढोली उभी होती, धानानं काठोकाठ भरलेली. लॅपटॉपात टीव्ही, फ्रिज, सोफा यांना जागा होती, धानाला नव्हती. मी ते 'इतर'मध्ये टाकलं. बैलजोडी टाकली. म्हशी टाकल्या. आकडा चढू लागला.

"माही कार राह्यली!" ताराचंद ओरडले.

"आमचं घर तलावाजवळ सरकवा," पुंडलिकरावांनी फर्मावलं.

"पण मामाजी, ते तिथं नाही!"

"मंग समुद्र तरी कुठी हाय?"

मी घर उचलून तलावाच्या पाळीवर ठेवलं. चौदा लाख! पुंडलिकरावांनी समाधानानं मिशीवरून हात फिरवला.

तृप्तीच्या आई, कौशल्याबाई, एकदम उठल्या. "अगाई! चौदा लाखाचं नुकसान? आन हे पोहे खाऊन राह्यले! तृप्ते, पहिले ढोली रिकामी कर!"

मायलेकी टोपल्या भरभरून धान माळ्यावर नेऊ लागल्या. मी मागं मागं फिरत सांगत होतो, की वादळ येणार नाही, इथं समुद्रच नाही!

"मंग तुमाले पगार कायचा भेटते?" ताराचंदांनी विचारलं.

तृप्ती टोपली घेऊन माझ्यासमोरून गेली. आता हसली नाही.

सगळं शांत झाल्यावर पुंडलिकराव मुद्द्यावर आले. "बाबू, आता तुमच्या घराचं काढा."

काकांनी माझा पाय दाबला. पण आकड्यात खोटेपणा करायचा नाही, हे माझं तत्त्व आहे (ते चौदा लाख सोडून). दोन खोल्या, वर टिनाचे पत्रे, एक पलंग, एक कूलर. लॅपटॉप कंपनीचा, तो धरत नाहीत. आकडा आला अकरा हजार.

पुंडलिकराव स्क्रीनवर वाकले. "एवढं मोठं वादळ," ते हळूच म्हणाले, "आन तुमच्या घरी त्याले न्याले काही सापडलंच नाही?"

नकार त्यांनी चहा पाजून दिला. परत येताना मला वाईट वाटलं, अगदी रडू येईल इतकं.

पंधरवड्यानं ताराचंदांचा फोन आला. तृप्तीचं त्यांच्याच पोराशी, भुपेंद्रशी, जमलं होतं. नऊ लाखांचा आकडा पुंडलिकरावांच्या मनात पक्का बसला होता म्हणे.

"साक्षगंधाले सोयरे येऊन राह्यले जी," ताराचंद म्हणाले. "तेवढा तो आकडा कागदावर छापून देता काय? कंपनीच्या नावासकट!"

कंपनीचं नाव मी घातलं नाही, तसा नियम आहे. आकडा मात्र छापून दिला. साखरपुड्याचा मंडपही धरला, म्हणून साडेनऊ लाख झाला.