मधल्या खुर्चीतल्या बाई

दाढ काढून झाल्यावर डॉक्टरांनी सासूबाईंच्या तोंडात कापसाचा बोळा दाबून बसवला आणि सूचना मात्र जावयाला दिल्या. "तासभर बोळा काढायचा नाही. गरम काही नको, आइस्क्रीम हवं तेवढं. आणि आज बोलणं अगदी कमी."

जावई पेशाने घड्याळजी. लग्नाला सतरा वर्षं झाली होती, आणि त्या सतरा वर्षांत सासूबाईंसमोर त्यांचं एकही वाक्य शेवटपर्यंत पोचलेलं नव्हतं. "शेवटचं काय म्हणालात?" असं विचारून त्यांनी बोलण्याबद्दलची सूचना डॉक्टरांकडून पुन्हा वदवून घेतली, बायकोच्याही कानावर नीट पडावी म्हणून.

दवाखान्यातून तिघं खाली उतरली तेव्हा अकरा वाजत होते. परतीची गाडी चारची. शहर अनोळखी, पण हवा छान होती आणि हाताशी वेळच वेळ होता. घड्याळजींना सकाळपासून एकच ध्यास लागला होता, चांगल्या कॉफीचा. येताना गाडीत जी मिळाली ती कॉफी नव्हती, कॉफीची नुसती अफवा होती.

"मला चहा लागेल," बायको म्हणाली. "चहा पोटात गेल्याशिवाय मी परत त्या गाडीत पाय ठेवायची नाही."

सासूबाईंनी मूठ तोंडासमोर धरली आणि डोळे मोठे केले.

"आईंना भाषण करायचंय का?" घड्याळजींनी घाबरून विचारलं.

"अहो, आइस्क्रीमचा कोन आहे तो."

तिन्ही गोष्टी एकाच ठिकाणी मिळाल्या तर बरं, असं ठरलं आणि तिथेच घोडं पेंड खाऊ लागलं. पहिल्या दुकानात कॉफीचे चाळीस प्रकार भिंतीवर लिहिले होते. चहा विचारल्यावर मात्र तिथल्या माणसाने रॉकेल मागितल्यासारखं पाहिलं. दुसरीकडे चहाचा वास फक्कड येत होता, पण बसायला एक बाकडं नव्हतं आणि सासूबाईंना गरगरत होतं. तिसरं दुकान खास आइस्क्रीमचं निघालं. त्यांचा फ्रीज सकाळीच बंद पडला होता.

"पातळ चालेल का?" मालकाने आपुलकीने विचारलं.

अशा रीतीने तास उलटला. सासूबाईंनी बोळा काढून टाकला, पण अर्धा चेहरा अजून बधिर होता. डावा ओठ खाली ओघळलेला, उजवी भुवई वर चढलेली. एकूण मुद्रा अशी की समोरच्याने काहीही केलं तरी ते त्यांच्या पसंतीला उतरलेलं नाही.

एका कोपऱ्यावर ताज्या दळलेल्या कॉफीचा घमघमाट आला आणि घड्याळजींचे पाय आपोआप वळले. तळमजल्यावर दार उघडं होतं. आत मोठी, स्वच्छ खोली, पांढरंशुभ्र कापड घातलेलं एक टेबल आणि तीन खुर्च्या. काळं जाकीट घातलेली, चष्मा लावलेली एक मुलगी लगबगीने पुढे आली.

"नमस्कार. आपण तिघंच ना? मी वाटच बघत होते."

"तिघंच," घड्याळजी म्हणाले. गिऱ्हाइकाची अशी वाट बघणारं हॉटेल त्यांनी आयुष्यात पाहिलं नव्हतं.

मुलीने खुर्च्या सरकवून दिल्या. सासूबाईंना मधली मिळाली. "चहा, कॉफी आणि आइस्क्रीम," मुलगी एका दमात म्हणाली, "याच क्रमाने आणते. तिघांनाही तिन्ही."

नवराबायकोने एकमेकांकडे पाहिलं. देव पावला म्हणतात तो असा.

चहा आला. कप गरम केलेले, किटली झाकलेली. बायकोने एक घोट घेतला, डोळे मिटले आणि बराच वेळ उघडलेच नाहीत. सासूबाईंना गरम वर्ज्य. त्यांनी कपावर नाक नेऊन वास घेतला, वाकड्या ओठांनी मुलीकडे पाहिलं आणि कप दोन बोटांनी दूर सारला.

मुलीचा चेहरा उतरला. "दुसरा करून आणते," ती म्हणाली आणि गेली.

दुसरा आला, पुन्हा सगळ्यांसाठी. सासूबाईंनी तोही सारला. तिसराही सारला. बायकोने तिन्ही वेळा आपल्यासमोरचा आणि आईसमोरचा असे दोन्ही कप रिकामे केले. कॉफीचंही तसंच झालं. सासूबाई नकार देत, मुलगी नवी करून आणी आणि घड्याळजी ती धन्यवाद देऊन पिऊन टाकत. पाचव्या कपाला त्यांना जगात सगळं ठीक चाललंय असं वाटू लागलं.

आइस्क्रीम आल्यावर सासूबाईंनी चमचा घेतला, आणि हात धुवायची जागा शोधायला घड्याळजी उठले. मागच्या बोळात फळा होता: 'पाककला महाविद्यालय. प्रात्यक्षिक परीक्षा. बाहेरचे परीक्षक: तीन.' फळ्याखाली ती मुलगी आपल्या सरांसमोर उभी होती आणि चष्मा काढून डोळे पुसत होती.

"मधल्या खुर्चीतल्या बाईंनी सगळं परत केलं, सर. एक शब्द बोलत नाहीत. नुसत्या बघतात. मागच्या वर्षी नापास झाले, आता परत होणार."

घड्याळजींनी फळ्यावरचं 'परीक्षक: तीन' पुन्हा एकदा वाचलं. ते पाय न वाजवता टेबलाकडे आले.

"अगं, हे हॉटेल नाही. परीक्षा आहे. आपल्याला परीक्षक समजलेत."

"तरीच," बायको म्हणाली. "मी म्हटलं, आपल्याला एवढी अदब कोण दाखवतंय."

"उठा पटकन. आई, चला."

सासूबाईंनी वाटीभोवती हाताचं कुंपण घातलं. दारात तीन माणसं येऊन उभी राहिली ती नेमकी तेव्हाच. पुढे होत्या पिकल्या केसांच्या एक उंच बाई. "माफ करा, उशीर झाला. ड्रायव्हरने आम्हाला भलत्याच कॉलेजात नेऊन सोडलं. आम्ही परीक्षक."

सर धावत आले. त्यांनी दारातल्या तिघांकडे पाहिलं, खुर्चीतल्या तिघांकडे पाहिलं आणि मनातल्या मनात बेरीज केली. "मग तुम्ही कोण?"

"घड्याळजी," घड्याळजी म्हणाले. खोटं बोलणं त्यांना कधी जमलं नव्हतं. "म्हणजे आम्ही कॉफीच्या वासाने आत आलो. चूक आमची आहे. या मुलीची परीक्षा तुम्ही आता नव्याने—"

"कशाने घेऊ?" सर म्हणाले. "प्रत्येकाला सामान एकदाच मिळतं. दूध संपलं, कॉफी संपली. तीन वेळा चहा, पाच कप कॉफी! परीक्षकांनी काही न चाखता मी तिला पास कसं म्हणू?"

मुलगी खाली मान घालून उभी राहिली. बायकोला तोंडातली चहाची चव कडू लागली.

सासूबाईंनी चमचा वाटीत ठेवला. "ती नापास नाही," त्या म्हणाल्या. अर्ध्या ओठांमुळे शब्द जरा सांडत होते, पण आवाज खणखणीत होता. "मी एकतीस वर्षं वसतिगृहाचा भटारखाना सांभाळलाय. मला ऐका. चहा मी प्यायले नाही, कारण आज सकाळी माझी दाढ काढलीय. माझी मुलगी प्यायली. माझ्या हातचा चहा ती दुसऱ्यांदा मागत नाही; इथे सहा कप संपवले. हे आमचे जावईबापू. स्वभावाने गरीब, पण कॉफीच्या बाबतीत महाखवट. त्यांनी एकाही कपाला नाव ठेवलं नाही."

घड्याळजी चकित झाले. सासूबाईंनी आपल्याला गरीब म्हटलेलं ते पहिल्यांदाच ऐकत होते.

"आइस्क्रीम मी स्वतः खाल्लं. बर्फाचा एक खडा नाही. साखर चमचाभर जास्त. थंड पदार्थात गोडी कमी लागते म्हणून हिने हात सैल सोडला. पुढच्या वेळी आवर, पोरी. आणि सगळ्यात महत्त्वाचं. मी तीनदा चहा सारला, कॉफी सारली, तरी हिने एकदाही तोंड वाकडं केलं नाही. या खोलीत वाकडं तोंड फक्त माझंच होतं."

त्या अठरा मिनिटं बोलल्या. किटली पुसण्याच्या फडक्यापासून पावलांच्या आवाजापर्यंत काही सोडलं नाही. उंच बाईंनी मध्येच वही काढली आणि लिहायला सुरुवात केली.

"तीनदा चहा परत करणारं गिऱ्हाईक," शेवटी त्या म्हणाल्या, "अशी परीक्षा आम्हाला तीस वर्षांत सुचली नाही. मुलगी पास. सर, तुमची काही हरकत?"

सरांची हरकत नव्हती. मुलीने चष्मा लावला, पुन्हा काढला आणि सासूबाईंच्या पाया पडायला वाकली तेव्हा तो खाली पडला.

"उद्या आणखी नऊजण आहेत," उंच बाई म्हणाल्या. "तुम्ही आमच्याबरोबर बसाल का?"

"आमची चारची गाडी—" घड्याळजींनी सुरुवात केली.

"बसू," सासूबाई म्हणाल्या.

तिघं लॉजवर राहिली. दुसऱ्या दिवशी चेहरा सरळ झाला होता आणि जीभ मोकळी. नऊ मुलांनी नऊ चहा, नऊ कॉफ्या आणि नऊ आइस्क्रीम आणली. सासूबाईंनी प्रत्येकाला सविस्तर सांगितलं. दुपारी मुलं त्यांना दारापर्यंत पोचवायला आली, आणि सरांनी पुढच्या सत्राची तारीख त्यांना लिहूनच दिली.

स्टेशनवर तिघं पोचली तेव्हा गाडीला पाऊण तास होता. बाकड्यावर एक दमलेलं कुटुंब बसलं होतं: नवरा, बायको आणि एक म्हातारे गृहस्थ. नवऱ्याने घड्याळजींना हळूच विचारलं, "अहो, आम्ही नवीन आहोत इथे. चांगला चहा-कॉफी कुठे मिळेल? बाबांना आइस्क्रीम पण हवंय."

"खरं सांगू का," घड्याळजी म्हणाले, "अशा वेळी—"

"सांगून नाही कळायचं त्यांना," सासूबाई म्हणाल्या. त्यांनी पिशवी जावयाच्या हातात दिली, म्हाताऱ्या गृहस्थांना हात देऊन उठवलं आणि फाटकातून परत कॉलेजच्या दिशेने चालू लागल्या. मागोमाग ते कुटुंब निघालं, कुटुंबामागून बायको.

घड्याळजींनी फलाटावरच्या घड्याळाकडे पाहिलं. ते चार मिनिटं पुढे होतं. खरी वेळ सांगायला त्यांनी तोंड उघडलं, पण ऐकायला तिथे कुणीच उरलं नव्हतं. मग आयुष्यात प्रथमच त्यांनी चुकीचं घड्याळ तसंच राहू दिलं, हातातली पिशवी सावरली आणि कालच्या पाचांवर आज सहावा कप झेपेल का याचा विचार करत त्या वरातीमागे झपाझप पावलं टाकली.