टोपलीवाल्याचा सत्कार

हिरामण आप्पा दर वर्षी व्हिडिओ गेमला बक्षीस देत. खेळणाऱ्याला नव्हे, गेमला. हे वाक्य मी आजवर पुष्कळांना ऐकवलं आणि प्रत्येकाने मला ते पुन्हा म्हणायला लावलं. म्हणून इथे आपणहून पुन्हा सांगतो. पोरगं जिंकलं म्हणून पोराला कप, असला प्रकार नाही. ज्या पेटीत गाडी पळते त्या पेटीला हार. ज्या पेटीत मारामारी होते त्या पेटीला नारळ. दसऱ्याला लोक आपापल्या यंत्रांची पूजा करतात हे मला माहीत होतं, पण बक्षीस? आणि तेही नंबर काढून?

नव्वदच्या दशकातली गोष्ट. आम्ही सुरतेत भेस्तानला राहायचो. गल्ली सगळी खानदेशी. बाप संच्यावर, म्हणजे कापडाच्या लूमवर, आणि पोरं त्याच वाटेवर. मी मात्र बी.कॉम. झालो. आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर. हे मी फार वेळा सांगतो असं माझी बायको म्हणते. पहिला असल्यावर सांगायचं कोणी, दुसऱ्याने?

गल्लीच्या तोंडाशी कनुभाईचं व्हिडिओ गेमचं दुकान होतं. आत कपाटाएवढ्या चार पेट्या आणि दाराशी स्टुलावर आप्पा. सगळी उमर लूमच्या खडखडाटात गेल्यामुळे त्यांना ऐकू कमी येई, म्हणून ते साऱ्या जगाशी ओरडून बोलत. लूमवरचं काम सुटल्यावर कनुभाईने त्यांना टोकन विकायला बसवलं आणि मागची खोली राहायला दिली. तिथे ते एकटेच. बायकोला घेऊन चलथाणला ऊसतोडीला आले होते म्हणे, ती तिकडेच तापाने गेली. पुढे त्यांनी दुसरं घर केलं नाही.

आप्पा त्या पेट्यांनाही संचेच म्हणत. स्वतः एकदाही गेम खेळले नाहीत. पण हरून बाहेर पडणाऱ्याला सोडत नसत. खांदा धरून विचारत, "राग उना का वाईट वाटनं?"

राग आला म्हणाला, की आप्पा पेटीकडे बघून नाक मुरडत, "हलका संचा शे." वाईट वाटलं म्हणाला, की मान डोलवत, "खानदानी शे." एकदा एक कामगार वैतागून म्हणाला, "आप्पा, भूक लागली." त्या उत्तराचं काय करायचं या विचारात आप्पांनी दोन दिवस सुटे पैसे चुकीचे दिले.

हे खूळ शिरलं कुठून, तर केबलवरून. तेव्हा केबल नुकतीच आली होती. कनुभाईच्या टीव्हीवर सिनेमावाल्यांचा बक्षीस समारंभ लागला. आप्पांनी तो शेवटपर्यंत पाहिला आणि सिनेमात मेलेल्या नटाकडे बोट दाखवून म्हणाले, "हाऊ एक डाव मरना तर एवढी मोठी बाहुली दिनी त्याले! आपला संचाम्हाना तर रोज मरतस. त्यासले कोनी इचारस का?"

याला काय उत्तर द्यायचं? मी बी.कॉम. असल्यामुळे नुसती मान डोलवली.

मग एके दिवशी आप्पा आमच्या दारात. धुतलेला सदरा, हातात वाटी, वाटीत कुंकू लावलेले तांदूळ. उंबऱ्यावर चार दाणे टाकून ओरडले, "उद्या दिवे लागताना या! चूलबंद आवतन शे!"

चूलबंद आवतन म्हणजे घरातल्या लहानथोर सगळ्यांना जेवणाचं बोलावणं. त्या वेळेला तुमच्या घरी चूल पेटायची नाही. असं आवतन लग्नाला देतात. माझी माय हात पुसत बाहेर आली.

"कोनं लगीन शे, आप्पा?"

"लगीन नही, वहिनी. संचासना सत्कार शे."

मायने माझ्याकडे पाहिलं. मी तांदळाकडे पाहिलं.

"तू शिकेल शे, तुले समजी," आप्पा मला म्हणाले. हे त्यांचं पेटंट वाक्य. "तुले प्रमुख पाहुना करेल शे."

मला काडीचं समजलं नव्हतं. पण प्रमुख पाहुणा हा शब्द आमच्या घराण्यात प्रथमच येत होता. मी हो म्हटलं आणि रात्री 'क्रीडा आणि राष्ट्रनिर्माण' या विषयावर भाषण लिहून काढलं.

दुसऱ्या दिवशी सगळी गल्ली हजर. आवतन पडलं की जायचं, कारण नंतर विचारायचं, ही आमची रीत. बायका रिकाम्या हाताने कशा येतील? त्यांनी टॉवेल-टोपीचा आहेर आणला होता. पण घालायचा कोणाला? नवरदेव कुठाय? थोडा वेळ कुजबुज झाली आणि मग कोणीतरी गाडीवाल्या पेटीच्या खांद्यावर टॉवेल टाकला, मारामारीवालीच्या डोक्यावर टोपी ठेवली. माय कुंकवाची वाटी घेऊन विमानवाल्या पेटीभोवती एक फेरी मारून आली आणि मला हळूच विचारलं, "याचं कपाय कोठे शे रे?" मी टोकन टाकायची फट दाखवली.

मग नंबर जाहीर झाले. 'उत्तम गाडी' गाडीवाल्या पेटीला, कारण गाडी तिच्यातच होती. 'उत्तम मरन' मारामारीवाल्या पेटीला, कारण तिच्यातला पैलवान पडताना "शोभाथीन" पडतो. 'उत्तम आवाज' विमानवाल्या पेटीला. ज्याला ऐकू येत नाही त्याने आवाजाचं बक्षीस कसं ठरवलं, असं एकाने विचारलंच. आप्पांनी त्याचा पंजा धरून पेटीच्या पाठीवर टेकवला. "दख, कशी थरथरस!"

सगळ्यात मोठा मान मात्र कोपऱ्यातल्या टोपलीवाल्याला. त्याबरोबर गल्लीतल्या पोरांनी गलका केला. कारण टोपलीवाला कोणी खेळतच नसे. दांडी ढिली, चित्र हलतं. पडद्यावर एक बुटका माणूस झाडाखाली टोपली घेऊन उभा. टोकन टाकलं की फळं झेलायची. टोकन टाकलं नाही, तर तो आपला हात हलवून 'या, या' करी. थोडा वेळ वाट बघे, दोन पावलं चाले, परत येई, परत 'या, या'. दिवसभर तेच.

"आप्पा, ह्याला कशाला? ह्याच्याकडे कोणी जात नाही!"

"तेच तर सांगी राहिनू ना! कोनी येवो नही येवो, हाऊ बलावतच राहस." मग माझ्याकडे वळून, "तू शिकेल शे, तुले समजी."

मी टाळ्या वाजवल्या. शिकलेल्या माणसाला चारचौघांत समजलं नाही म्हणायची सोय नसते. माझं राष्ट्रनिर्माण आप्पांनी मध्येच थांबवलं, "संचासवर बोल!" मी म्हणालो, "ही यंत्रं अत्यंत कर्तव्यदक्ष आहेत." मोठ्या टाळ्या पडल्या, पण त्या मागून आलेल्या वासाला होत्या. आप्पांनी अख्ख्या गल्लीसाठी वरण-बट्टी केली होती. तुपात बुडवलेली बट्टी, वांग्याची घोटलेली भाजी. स्वतः वाढत होते. नको म्हणणाऱ्याच्या ताटात दोन जास्त.

अशी दोन-तीन वर्षं गेली. गल्लीला सवय झाली, समज मात्र आली नाही. मग एका वर्षी घोटाळा झाला. मुकादमाच्या मुलीचं लग्न निघालं, कामरेजला, नेमकं सत्काराच्या दिवशी. आप्पांचं आवतन आधी फिरलं होतं, पण मुकादम तो मुकादम. त्याच्या हाताखाली अर्धी गल्ली. मी आप्पांना म्हणालो, "आपण आपला दिवस बदलू. पेट्या कुठे पळून चालल्यात?"

"आवतन फिरनं," आप्पा म्हणाले. "तांदूळ परत येचता येतस का?"

सकाळी दोन टेम्पो भरून गल्ली कामरेजला गेली. माझी मायसुद्धा नवं लुगडं नेसून गेली. आप्पांनी मुकादमाकडे आहेर आदल्या दिवशीच पोचवला होता. प्रमुख पाहुणा म्हणून मी मागे राहिलो.

दिवे लागले. पेट्या पुसलेल्या, हार घातलेले. बट्ट्यांची रास नेहमीएवढीच, एकही कमी नाही. आप्पा दाराशी जात, रस्ता बघत, परत येत. पुन्हा जात. कनुभाई आला, एक बट्टी खाल्ली आणि राशीकडे बघून म्हणाला, "आप्पा, आ बधुं कोण खाशे?"

आप्पांनी ऐकलं नाही असं दाखवलं. एरवी ते "काय?" म्हणून ओरडत. त्या दिवशी ओरडले नाहीत.

कनुभाई गेल्यावर मी स्पष्टच विचारलं. आपला स्वभाव तसा आहे. "आप्पा, खरं सांगा, हे सगळं कशासाठी? पेटीला काय कळतं सत्कारातलं?"

आप्पा स्टुलावर बसले आणि हळू बोलले. त्यांना हळू बोलता येतं हे मला तेव्हा कळलं.

"गल्लीम्हा कोनं घर शे, जठे मी जेवनू नही? बारसं, जावळ, लगीन. बठ्ठासना घर जेवनू. मना घर काय निमित करू? ना बायको, ना पोर. मानसे बलावाले काही कारन तर लागस ना, भो."

मी बट्ट्यांवर फडकं झाकलं.

"मना मरनावर येतीन बठ्ठा," ते म्हणाले. "पन तवय माले वाढता येवाव नही."

कोपऱ्यात टोपलीवाला हात हलवत होता. या, या.

तेवढ्यात बाहेर टेम्पोचा हॉर्न वाजला. आधी माझी माय उतरली, नवं लुगडं चुरगळलेलं. तिच्यामागे आणखी बायका, पुरुष, झोपाळू पोरं. सगळी गल्ली नव्हती, एकाच टेम्पोतली होती. माय दारातूनच म्हणाली, "आप्पा, ताट मांडा. तठे आम्ही अक्षता टाक्यात आनि निघनूत. आज आमनी चूल बंद शे."

मागून मुकादमाचाच साडू पोटावर हात फिरवत आला. "मी जेयेल शे," तो म्हणाला. "पन आवतन शे तर खानंच पडी. अर्धी वाढा."

मायने पिशवीतून टॉवेल-टोपी काढून माझ्या हातात दिली. मी प्रमुख पाहुणा. सवयीने कोपऱ्यातल्या पेटीकडे निघालो.

"तठे नको," माय म्हणाली. "आप्पाले घाल."

मी टोपी आप्पांच्या डोक्यावर ठेवली. ती कानांपर्यंत खाली आली. टॉवेल खांद्यावर टाकला. आप्पांनी त्याचं टोक दोन्ही हातांनी धरलं आणि एकदम पूर्वीच्या आवाजात ओरडले, "बसा ना रे! बट्टी गार व्हई राहिनी!"

पंगत बसली. आप्पा वाढायचं तूप घ्यायला कोपऱ्यात वळले आणि जाता जाता त्यांनी टोपलीवाल्याच्या पेटीवर थाप मारली.

"बस कर आते, भो," ते म्हणाले. "मानसे उनात."