महाराजांचे मोजे

विजयाबाईंनी चहात पुन्हा साखरेऐवजी मीठ घातले, तेव्हा भालचंद्राने तोच विषय काढला.

"आत्या, मोतीबिंदू पिकलाय तुझा. रविवारी आमच्या लॉजचा डोळ्यांचा कॅम्प आहे. ऑपरेशनही फुकट."

"तू ते जादूघर सोड, मी डोळे दाखवते," आत्या म्हणाल्या. "दार लावून काय करता ते बायकोलाही सांगत नाहीस. साऱ्या लश्कर भागाला माहीत आहे, तिथे भुतं बोलावतात."

दाराआड वर्गणी गोळा होते, जुने विधी होतात आणि शेवटी गार जेवण मिळते, हे त्याने अनेकदा सांगून पाहिले होते. भालचंद्र यंदा फ्रीमेसन या जुन्या बंधुसंघाच्या लॉजचा, म्हणजे शाखेचा, 'वर्शिपफुल मास्टर', म्हणजे अध्यक्ष होता. पण त्या भुतांपायी कॅम्पला कुणी फिरकत नसे. गेल्या वर्षी डॉक्टरांनी वेळ जाईना म्हणून एकमेकांचेच डोळे तपासले होते. यंदाही तेच झाले तर कॅम्प कायमचा बंद होणार होता. आत्यांनी त्याला आईच्या मायेने वाढवलेले. त्यांचे चाचपडणे त्याला बघवत नव्हते.

म्हणून त्याने दाल बाजारातल्या छपाईवाल्या मोहितला भलामोठा फ्लेक्स सांगितला. मजकूर इंग्रजीत दिला आणि हिंदी तूच कर म्हणाला. इथेच माशी शिंकली.

रविवारी तो गोरखीच्या मैदानावर पोचला, तर मुंगीला शिरायला जागा नाही. बायकांच्या हातात नारळ, पुरुषांच्या हातात हार. वर फ्लेक्स झळकत होता: 'पूजनीय गुरु महाराज के दर्शन. साथ में आँखों की मुफ्त जाँच.'

"वर्शिप माने पूजा ही होता है ना, अंकल?" मोहित म्हणाला. "और फ्रीमेसन का मुफ्त राजमिस्त्री बन रहा था, तो वो मैंने हटा दिया." फुकटचा गवंडी तेवढा टळला होता.

भालचंद्र फ्लेक्स उतरवायला धावला, पण डोळ्यांच्या डॉक्टरने, अंबरीशने, त्याचा दंड धरला. "काका, गपचूप खुर्चीवर बसा. इतके पेशंट मी जन्मात पाहिले नाहीत." मग तो लोकांकडे वळला, "पहले आँख, फिर दर्शन."

गळ्यात लॉजचा निळा पट्टा होताच. मोहितने महाराजांचे बूट काढून घेतले. रांग सरकू लागली. महाराज काही बोलत नव्हते, त्यामुळे त्यांची कीर्ती वाढतच गेली.

आणि मग, शेजारच्या उषाताईंचा हात धरून, आत्याच समोर उभ्या राहिल्या. उषाताईंनी भालचंद्राला ओळखून पदर तोंडाला लावला. आत्या वाकल्या. त्यांचा हात पायाच्या अंगठ्यावरून फिरला, तसे भालचंद्राने ओशाळून दोन्ही पाय खुर्चीवर ओढून घेतले.

"महाराज समाधि में गए," मागून कुणीतरी म्हणाले.

"महाराज, मेरा भतीजा एक जादूघर में जाता है," आत्या म्हणाल्या. "उसको छुड़ा दो."

भालचंद्राने पोटातून आवाज काढला. "आँख बनवा लो, माताजी. छूट जाएगा."

"वचन?"

"वचन."

त्याच आठवड्यात एका डोळ्याचे ऑपरेशन झाले. पट्टी निघाल्यावर आत्यांनी चहात बरोबर साखर घातली आणि त्याच्याकडे टक लावून पाहिले.

"किती पांढरा झालास रे, भालू."

भालचंद्राने हसून केसांवरून हात फिरवला.

"तर, महाराजांनी वचन दिलंय," आत्या म्हणाल्या.

"कुठले महाराज?"

"ज्यांच्या मोज्याला अंगठ्यापाशी मी रफू केलंय. चाचपून केलं, म्हणून गाठ राहिली. हाताला थोडाच मोतीबिंदू झालाय?"

"मग तिथेच का नाही बोललीस?"

"चारचौघांत तुझी शोभा करू? आणि घरी कधी वचन दिलं होतंस?"

भालचंद्राला इतक्या वर्षांचे स्नेही, तो निळा पट्टा, ते गार जेवणसुद्धा, सगळे एकदम प्रिय वाटू लागले. पण शब्द तो शब्द.

"ठीक आहे. सोडतो."

"इतकी काय जल्दी आहे?" आत्यांनी कप त्याच्यापुढे सरकवला. "दुसरा डोळा राहिलाय अजून. महाराज नसले तर पुढच्या कॅम्पला येईल कोण? फक्त तोवर नवे मोजे घे."