लाल हातमोजा आणि टेबलावरची क्रेन

"माझ्या क्रेनचा हूक सुईच्या नेढ्यातून काढून दाखवतो, बोल," असं काकांनी जाहीर केलं, तेव्हाच काकूंनी ओळखलं, हे आपल्यावर शेकणार. काकांनी आजवर जे जे जाहीर केलं, ते निस्तरायला काकूच लागल्या होत्या.

काका म्हणजे तीस वर्षं टॉवर क्रेन चालवून निवृत्त झालेला माणूस. अख्खी इमारत या जोडप्याला काका-काकू म्हणते, तेव्हा आपणही तेच म्हणू. निवृत्त झाल्यावर लोक फिरायला जातात, पेपर वाचतात, निदान गप्प बसतात. काकांनी जेवणाच्या टेबलावर क्रेन उभारली. हुबेहूब खरी, फक्त वीस पट लहान. साडेचार फुटी मनोरा, तीन फुटी आडवा हात, मोडक्या प्रिंटरच्या मोटारी, सायकलच्या ब्रेकची तार, आणि सगळं रिमोटवर. मागच्या वजनांसाठी सिमेंट कालवलं, तेही काकूंच्या चांगल्या परातीत.

सात महिने नवराबायको मांडीवर ताट घेऊन जेवत होते. टेबल कधी मोकळं होणार असं विचारलं की उत्तर एकच, "उद्या." पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी काकूंनी निर्वाणीचं सांगितलं.

"रविवारी आक्का येतेय चहाला. तुमच्या या सांगाड्यानं घरातलं एक तरी काम धड करून दाखवलं, तर राहील टेबलावर. नाहीतर माळ्यावर."

"किटली उचलून आक्कांच्या पुढ्यात ठेवतो. मग तर झालं?"

"आणि सांडलं म्हणजे?"

"सांडेल कसं? खटका सोडला की ब्रेक लागतो. बॅटरी संपली तरी वजन जागचं हलायचं नाही." मग काकांनी हळूच पुस्ती जोडली, "फक्त इशारेवाला लागेल. तू."

त्यांच्या धंद्याचा नियमच तसा होता. उंचावरच्या माणसाला खालचं काही ऐकू येत नाही. त्यानं फक्त लाल हातमोज्याकडे बघायचं. बोट वर करून गोल फिरवलं की वर. तळहात खाली दाबला की खाली. हात ज्या बाजूला, त्या बाजूला वळायचं. मूठ आवळली की थांबायचं, ते मूठ सुटेपर्यंत. गरम भांडी उतरवायचा लाल हातमोजा चढवून काकूंनी तीन दिवस ही कवायत केली. साठाव्या वर्षी हे भोग.

रविवारी आक्का आल्या. काकूंची थोरली बहीण. बाईचे हात बांधले तर तोंड बंद पडेल, इतक्या हातवारे करून बोलणाऱ्या. क्रेन बघून त्यांनी कपाळाला हात लावला आणि मांडीवर पर्स उघडी टाकून चष्मा शोधू लागल्या.

काकांनी तार तपासली, हूक तपासला, पुन्हा तार तपासली. तोवर चहा कोमट झाला. मग काकूंच्या इशाऱ्यावर किटली बाजूच्या स्टुलावरून झोकात उचलली गेली. काकूंनाही क्षणभर कौतुक वाटलं. त्यांनी मूठ आवळली, किटली थांबली. तेवढ्यात साखर राहिल्याचं आठवलं. हातमोजा टेबलावर टाकून त्या स्वयंपाकघरात गेल्या. चूक झाली ती इथेच.

"हे काय नवीन?" म्हणत आक्कांनी तो हातमोजा हातात घातला आणि मुलीच्या नव्या घराचं पुराण सुरू केलं. "जिना कसा म्हणशील, तर असा गोल, गोल, गोल..." बोट वर फिरत होतं. किटली छताकडे निघाली. "वर पोचलं की या अंगाला वळायचं..." किटली आक्कांकडे वळली. "आणि तिथून खाली बघितलं, तर इतकं खोल, इतकं खोल..."

काकूंनी बाहेर येऊन बघितलं, तर किटली बहिणीच्या उघड्या पर्समध्ये अलगद उतरत होती. नेम मात्र सुईच्या नेढ्याचा. खाली चष्म्याचं घर लागलं आणि किटली कलंडली.

"अहो, वर घ्या!"

"ओरडू नकोस, हात कर," काका शांतपणे म्हणाले. नजर लाल हातमोज्यावर. संतापलेल्या आक्कांनी काकांवर मूठ उगारली होती. मूठ म्हणजे थांबा. काका थांबले. चहा पर्समध्ये जात राहिला: रुमाल, गोळ्या, नातवाचा फोटो, सगळ्यांना मिळाला.

काकूंनी हातमोजा ओढून काढला, स्वतःच्या हातात घातला आणि बोट फिरवलं. किटली वर गेली. पर्सचा पट्टा तोटीत अडकला होता, त्यामुळे पर्सही गेली.

आक्का भिजलेलं सामान पिशवीत भरून निघून गेल्या. काकू रडायच्या बेतात होत्या.

"मी इशाऱ्याबाहेर तसूभर हललो नाही," काका म्हणाले. "तीस वर्षांत कधी हललो नाही."

काकूंच्या ओठांवर बरंच काही आलं होतं. लग्नापासून त्या या माणसाला तोंड दुखेस्तोवर सांगत आल्या होत्या, आणि एक शब्द कधी पलीकडे पोचला नव्हता. त्यांनी हातातल्या हातमोज्याकडे बघितलं. मग हात लांब करून आधी टेबलावरची क्रेन दाखवली, मग माळा, आणि बोट वर करून सावकाश गोल फिरवलं.

काकांनी शिडी लावली. क्रेन काखेत मारली. चढले. माळ्यावर ती नीट आडवी ठेवून झाल्यावर कुठे त्यांना उमजलं की आपण हे काय करून बसलो. ते घाईनं खाली उतरायला वळले, तर काकूंनी मूठ आवळली.

काका शिडीवर थांबले.

काकूंनी एका हातानंच टेबल पुसलं, ताजा चहा केला आणि सात महिन्यांनी खुर्ची ओढून टेबलाशी बसल्या. कप रिकामा होईपर्यंत त्यांनी मूठ काही उघडली नाही. मग दुसरा कप भरून घेतला.