गळती जपून ठेवावी

तपासणी झालेली वस्तू सुरक्षित असते. हे सत्य इतकं पक्कं आहे की त्यासाठी त्या वस्तूकडे नीट पाहण्याचीही गरज पडत नाही. तरीही गॅस एजन्सी अधूनमधून आपला माणूस घरोघरी पाठवते, हा तिचा मोठेपणा.

तोंडवलीच्या अप्पांकडे असाच समर्थ नावाचा तपासनीस आला. अप्पा ओरोसच्या कचेरीत कारकुनी करून निवृत्त झालेले. शिक्का दिसला की त्यांचे हात आपोआप जोडले जातात. समर्थने शेगडीच्या नळीला साबणाचं पाणी लावलं, बुडबुडा आला नाही, ‘गळती नाही’ असं प्रमाणपत्र दिलं, सोलकढी घेतली आणि गेला. त्या दिवशी सिलिंडर रिकामा होता. (रिकाम्या सिलिंडरवरची शेगडी गळत नाही, हा निष्कर्ष विज्ञानाच्या कसोटीला पुरेपूर उतरतो.)

दुसऱ्या दिवशी भरलेला सिलिंडर जोडला आणि अप्पांची सून किशोरी म्हणाली, “अप्पानू, शेगडीकडसून वास येता. बाजूच्या खोलयेत ओवी निजलीहा. मी रेग्युलेटर बंद करतंय.”

ओवी म्हणजे तिची तान्ही मुलगी. (तिला अजून प्रमाणपत्र वाचता येत नसल्यामुळे तिचं मत घेतलं नाही.)

अप्पांनी सुनेला थांबवून आधी एजन्सीला फोन लावला. आपला फोन एजन्सीसाठी किती मोलाचा आहे हे त्यांना बराच वेळ संगीतासह ऐकवण्यात आलं. मग खुलासा मिळाला की प्रमाणपत्रानुसार शेगडी गळत नाही, सबब वास शेगडीचा नाही. किनारपट्टीवरच्या वासांची एजन्सीने वर्गवारीच केली आहे: सुकी मासळी, पिकलेला फणस, शेजारी आणि इतर. अप्पांची तक्रार ‘इतर’मध्ये घेण्यात आली. समर्थ पुन्हा येईल. मात्र तो येईल तेव्हा गळती चालू स्थितीत हवी, नाहीतर ती आढळायची कशी?

हे अप्पांना तंतोतंत पटलं. किशोरी पुन्हा रेग्युलेटरकडे निघाली तेव्हा ते दारात आडवे उभे राहिले.

“बंद करू नको गो. पुरावो जातलो.”

किशोरीनं ओवीला उचलून घराबाहेर खळ्यात नेलं. तिला धडकी भरली होती आणि रागही आला होता; पण या दोन्हींसाठी एजन्सीच्या वर्गवारीत जागा नव्हती.

पुरावा म्हटला की साक्षीदार आले. अप्पांनी वाडीला बोलावलं आणि माणसं स्वयंपाकघरात दाटीवाटीनं उभी राहून नाक वर करून हुंगू लागली. निम्म्यांना वास आला, निम्म्यांना आला नाही आणि उरलेल्यांना सर्दी होती. मागच्यांपर्यंत वास पोचावा म्हणून पंखा लावण्याचं ठरलं. वीज गेलेली होती, म्हणूनच ही कथा पुढे सरकू शकते.

शेवटी अप्पांनी देवाला गाऱ्हाणं घातलं. “बा गावदेवा म्हाराजा, समर्थ येयसर ही गळती अशीच चालू ठेव रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” सगळे एका सुरात म्हणाले. देवाच्या दरबारी तक्रारीची पोच अशी जागच्या जागी मिळते.

एवढं होऊनही एकमत होईना, तेव्हा शेजारच्या सुदेशने खिशातून काडेपेटी काढली. सुदेशचा स्वभावच असा की वाद आला की तो कायमचा मिटवायचा.

“वायच थांबा. एक काडी ओढून बघूया. गॅस आसलो तर पेटतलो.”

सूचना मुद्देसूद होती. मंडळी दोन पावलं मागे सरली. बाहेर मात्र कुणीच गेलं नाही, कारण बाहेरून दिसलं नसतं.

किशोरी ओवीला कडेवर घेऊनच आत घुसली. तिनं सुदेशच्या हातातली काडेपेटी हिसकावून खिडकीबाहेर भिरकावली आणि रेग्युलेटर खाटकन बंद केला.

“तुमचो पुरावो तुमच्याकडे,” ती म्हणाली, “माझा चेडू माझ्याकडे.”

संध्याकाळी समर्थ आला. गॅस बंद, वास नाही. त्याने नियमानुसार ‘आहे त्या स्थितीत’ तपासणी केली आणि ‘गळती नाही’ असं आणखी एक प्रमाणपत्र दिलं. अप्पांनी हात जोडले. किशोरी तेव्हापासून मागच्या पडवीत चुलीवर रांधते आणि शेगडीला हात लावत नाही. सुनेनं उतावळेपणा करून सगळी मेहनत पाण्यात घातली, यावर मात्र वाडीचं ताबडतोब एकमत झालं.

वाडीला हसू नका. खरं सांगा, सुदेशने काडेपेटी काढली तेव्हा तुम्हीही जरा पुढे सरकून बसला होता. किशोरीनं ती काडी ओढू दिली नाही, याची थोडी हळहळ तुम्हालाही वाटलीच असेल.